आधी जिना शोधा : ‘रोग’ हा गेम खेळावा कसा आणि जिंकावा कसा

नव्या मजल्यावर पाय ठेवला की माझे डोळे आधी एकच चिन्ह शोधतात, %. तो जिना. सोनं कुठे पडलंय, कोण झोपलंय, कोण जागं आहे, हे सगळं त्यानंतर. चवथीला गोव्यात साखळी गावच्या मूळ घरी भाचरं जमली की त्यातलं एखादं माझ्या लॅपटॉपपाशी येऊन बसतं, आणि मी त्याला पहिल्यांदा हेच शिकवते. राक्षसाला मारायला सगळेच लगेच शिकतात. जिना कधी उतरायचा हे कळायला वेळ लागतो, आणि ‘रोग’ जिंकला जातो तो तिथेच.

ज्यांनी हा गेम पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. ‘रोग’ (Rogue) म्हणजे पडद्यावर नुसत्या अक्षरांतून उभ्या केलेल्या भुयारात मजल्यामागून मजला उतरत जाण्याचा कॉम्प्युटर गेम. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ इथल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला. टॉय पुढे बर्कलीला गेला आणि तिथे केन अरनॉल्ड त्यात आला. टर्मिनलच्या, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या, पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवू देणारी ‘कर्सेस’ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) अरनॉल्डची. ती होती म्हणूनच साध्या अक्षरांतून भुयार उभं राहू शकलं. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्स या बर्कलीच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर हा गेम अनेक विद्यापीठांत पोचला. मी तो पहिल्यांदा पाहिला फर्मागुडीला, इंजिनिअरिंग शिकताना. आज तो लिनक्सवर टर्मिनलमध्ये चालतो, इंटरनेट लागत नाही, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मी इथे ५.४ ही आवृत्ती धरून लिहिते. तुमच्याकडे दुसरी असेल तर काही आकडे आणि एखाददुसरा राक्षस वेगळा निघेल, खेळण्याची रीत तीच राहील.

पडद्यावर काय दिसतं

@ म्हणजे तुम्ही. ठिपके म्हणजे खोलीची जमीन, # म्हणजे बोळ, + म्हणजे दार. ! हे पोशन (जादूचं पेय), ? हा स्क्रोल (वाचायची मंत्राची गुंडाळी), ) शस्त्र, ] चिलखत, = अंगठी, / जादूची कांडी, : अन्न, * सोनं, ^ सापडलेला सापळा. इंग्रजी कॅपिटल अक्षर दिसलं की तो राक्षस. ए पासून झेडपर्यंत २६ अक्षरं, २६ जाती. खालच्या ओळीत मजला, सोनं, हिट पॉइंट (अंगात उरलेला जीव), ताकद, चिलखताचा आकडा आणि अनुभव दिसतो. सुरुवातीला १२ हिट पॉइंट आणि १६ ताकद असते. अंगावर रिंग मेलचं (लोखंडी कड्यांचं) चिलखत, हातात गदा, पिशवीत धनुष्य, किमान २५ बाण आणि थोडं अन्न.

काम एकच : २६व्या मजल्यावर जाऊन येंडोरचा ताईत उचलायचा आणि तो घेऊन पहिल्या मजल्यावरून बाहेर पडायचं. मेलात की मेलात. सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडली की गेम ती पुसून टाकतो, म्हणजे मागे जाऊन चूक सुधारायची सोय नाही. सेव्हचा उपयोग फक्त उठून जाण्यासाठी. आमच्याकडे आषाढात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून दिवे लुकलुकले की मी आधी कॅपिटल एस दाबते आणि मग मेणबत्ती शोधायला उठते. तुम्हीही तेच करा.

चालायला एच, जे, के, एल : डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. तिरकं जायला वाय, यू, बी, एन. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की @ त्या दिशेला धावत सुटतो. हात बसेपर्यंत पहिल्या मजल्यावर नुसतं चालत राहा. तिथले प्राणी सहसा तुमच्या आवाक्यातले असतात.

खोल्यांची मांडणी समजून घ्या, कारण जिना शोधायला ती फार कामाला येते. प्रत्येक मजला फुली-गोळ्याच्या पाटासारखा नऊ चौकटींत वाटलेला असतो आणि एका चौकटीत जास्तीत जास्त एक खोली असते. सहा खोल्या पाहून झाल्या आणि जिना दिसला नाही, तर कोणत्या चौकटी रिकाम्या राहिल्या ते बघा. जिना तिथेच आहे. बोळ मध्येच संपला किंवा खोलीला एकच दार निघालं, तर उरलेल्या चौकटीकडच्या भिंतीला चिकटून उभे राहा आणि लहान एस दाबून शोधा. आधी आकडा टाइप केला तर तेवढ्या वेळा शोध होतो. १० आणि एस दाबलं की दहा वेळा. दहात सापडलं नाही तर आणखी दहा वेळा शोधा, मग जागा बदला. मुलं दोनदा एस दाबून कंटाळतात आणि ‘मावशे, हितं काय ना’ म्हणतात. असतं, बहुतेक वेळा असतं.

जिना इतका मोलाचा का

पहिलं कारण : जिना उतरलात की राक्षस तुमच्या मागे येत नाही. तो मजला तिथेच पुसला जातो आणि खाली नवा मजला तयार होतो. तुमच्या पाठीला नखं लागलेली असू देत, % वर उभं राहून > दाबलं की सुटका.

दुसरं कारण भूक. सुरुवातीला साधारण १३०० चालींचं पोट भरलेलं असतं. शिल्लक ३०० वर आली की खालच्या ओळीत भूक लागल्याचा शब्द येतो, १५० वर अशक्तपणाचा, आणि पुढे @ जागच्या जागी बेशुद्ध पडू लागतो. एका जेवणाने ११०० ते १५०० चालींची भर पडते, पण पोटाची मर्यादा २००० आहे. म्हणून भुकेचा शब्द दिसला की त्याच वेळी खा. आधी खाल्लं तर अन्न वाया जातं, उशीर केला तर लढाईच्या मधोमध चक्कर येते.

आता यातली कळ. अन्न वेळेच्या हिशेबाने मिळत नाही, मजल्यांच्या हिशेबाने मिळतं. सलग काही मजले अन्न पडलं नाही तर गेम स्वतःहून ते टाकतो, म्हणजे ढोबळमानाने तीन-चार मजल्यांत एकदा तरी ते कुठेतरी पडलेलं असतं. एकाच मजल्यावर रेंगाळलात तर नवं अन्न येत नाही, नवे राक्षस मात्र फिरत येत राहतात. म्हणून उपाशी माणसाने वर-खाली विचार करत बसू नये, उतरावं. राक्षसाला उत्तर जिना, भुकेलाही उत्तर जिना.

मग पहिल्या मजल्यापासून धावतच खाली का जाऊ नये? कारण तिसरी गोष्ट : ताईत हाती येईपर्यंत वर जाता येत नाही. उतरलात की तिथल्या राक्षसांना तोंड द्यावंच लागतं. माझा भाचा पहिल्याच बैठकीत सहाव्या मजल्यावर पोचला आणि विचारू लागला, ‘मावशे, परत वर कशी जाऊ याला घेऊन?’ जाता येत नाही रे बाबा. जिना ही उधारी आहे, ती खालच्या मजल्यावर फेडावी लागते. फेडण्याइतकं बळ कमावून मगच उतरायचं, आणि जीव जाणार असेल तर बळ नसतानाही उतरायचं. सगळा खेळ या दोन वाक्यांत तोलायचा असतो.

पहिले आठ-दहा मजले

हे मजले पूर्ण पाहा, प्रत्येक खोली, प्रत्येक वस्तू. पण क्रम असा ठेवा : आधी जिना शोधा, मग त्याच्यापासून लांबच्या खोल्या, आणि शेवटी जिन्याजवळच्या. म्हणजे हिट पॉइंट कमी होत जातील तसतसे तुम्ही सुटकेच्या जवळ येत जाल.

लढायचं ते दारात किंवा बोळात. या गेममध्ये दारातून आणि कोपऱ्यावरून तिरका वार होत नाही. दाराच्या चौकटीत उभे राहिलात तर खोलीतले तिघेही आले तरी समोरून एकच जण भिडू शकतो. मोकळ्या खोलीच्या मधोमध उभं राहून तिघांशी लढणं म्हणजे प्रत्येक चालीला तीन वार घेणं.

धनुष्याकडे दुर्लक्ष करू नका. धनुष्य हातात धरून बाण सोडले तरच त्यात जोर असतो. हाताने नुसते फेकले तर ते वाया. सरळ रेषेत राक्षस येताना दिसला की डब्ल्यू दाबून धनुष्य घ्या, टी दाबून बाण सोडत राहा, आणि तो एका पावलावर आला की गदा घ्या. शस्त्र बदलण्यात एक चाल जाते, ती धरून चाला. झोपलेल्या राक्षसावर नेम लागण्याची शक्यता जास्त असते. बाण जमिनीवर पडतात, ते परत गोळा करा.

जखमा भरून येण्याचा वेग अनुभवाच्या पातळीवर ठरतो. पहिल्या पातळीला एक हिट पॉइंट परत यायला पंधराहून जास्त चाली लागतात, आठव्या पातळीपासून मात्र चित्र पालटतं आणि दर दोन-तीन चालींना भर पडू लागते. आठवी पातळी ६४० अनुभव गुणांना येते. म्हणून माझा बेत ठरलेला असतो : ६४० होईपर्यंत वरच्या मजल्यांवर लढाया निवडून करायच्या, विश्रांतीसाठी अन्नाची थोडी उधळण झाली तरी चालेल. त्यानंतर विश्रांती स्वस्त होते.

सोन्याच्या मागे लागू नका. या भुयारात दुकान नाही, सोन्याने काहीही विकत मिळत नाही, ते फक्त शेवटच्या गुणांत मोजलं जातं, आणि मेलात तर त्यातलाही दहावा हिस्सा कापला जातो. वाटेत पडलं असेल तर उचला.

कोणाशी कसं वागायचं

सगळी २६ नावं सांगत बसत नाही. ज्यांच्यासाठी वेगळी रीत लागते तेवढ्यांबद्दल लिहिते.

एस हा साप आणि आर हा रॅटलस्नेक, यात गल्लत नको. रॅटलस्नेकच्या चाव्याने ताकद कमी होते, आणि ताकद गेली की तुमचा नेम आणि वार दोन्ही दुबळे होतात. त्याला बाणांनी लांबूनच संपवा.

आय हा आइस मॉन्स्टर स्वतः इजा करत नाही, पण गोठवतो, आणि गोठलेले असताना दुसरा कोणी आला तर खेळ संपतो. झोपलेला दिसला तर झोपू द्या.

एल म्हणजे लेप्रेकॉन. तो सोनं घेऊन गायब होतो. जाऊ दे. एन म्हणजे निम्फ, ती मात्र पिशवीतली जादूची वस्तू पळवते. सहसा झोपलेली असते आणि आपणहून मागे लागत नाही. बाण असतील तर लांबून मारा, नसतील तर वळसा घालून निघून जा. तुमची सर्वांत मोलाची कांडी तिच्या हाती जावी असं तिच्यात काही नाही.

ए म्हणजे अॅक्वेटर. त्याच्या स्पर्शाने चिलखत गंजतं आणि आकडा एकेकाने खाली येतो, बाकी तो तुम्हाला ओरखडाही काढत नाही. तेव्हा तो लांब दिसला की कॅपिटल टी दाबून चिलखत उतरवा, उघड्या अंगाने त्याला मारा, मग पुन्हा चढवा. चामड्याचं चिलखत असेल तर उतरवायचीही गरज नाही, ते गंजत नाही. या एका राक्षसामुळे चांगली प्लेट मेल (पत्र्याचं भारी चिलखत) मातीमोल होते, म्हणून आसपास बघितल्याशिवाय चिलखत पुन्हा घालू नका.

एफ म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅप. ती जागची हलत नाही, पण धरलं की सोडत नाही, जिना शेजारी असला तरी उपयोग नाही. तिच्यापासून दोन पावलं लांब राहा आणि बाण मारा. बारावा-तेरावा मजला आल्यापासून मी शेजारची चौकट पाहिल्याशिवाय शिफ्ट धरून धावत नाही, ते तिच्यामुळेच.

एक्स म्हणजे झेरॉक, तो एखाद्या वस्तूचं रूप घेऊन पडून राहतो. पी म्हणजे फँटम, तो दिसतच नाही. मोकळ्यावर काही न दिसता मार बसू लागला की बोळात शिरा, म्हणजे तो कुठल्या दिशेला आहे ते तरी कळतं. डब्ल्यू, रेथ, अनुभवाची पातळीच ओढून घेतो, आणि व्ही, व्हँपायर, कमाल हिट पॉइंट कायमचे कमी करतो. या दोघांशी हातघाईची लढाई मला मान्य नाही. कांडी असेल तर वापरा, नसेल तर जिना.

आणि टी, ट्रोल. साधारण बाराव्या-तेराव्या मजल्यापासून तो भेटू लागतो, एका चालीत तीन वार करतो, आणि बहुतेक चांगले चाललेले डाव त्याच्यापाशी संपतात. त्याच्यासाठी पुढे वेगळं लिहिलंय.

पोशन, स्क्रोल आणि बाकी अनोळखी सामान

दर डावात पोशनचे रंग, स्क्रोलवरचे निरर्थक शब्द, अंगठ्यांचे खडे, कांड्यांचं लाकूड किंवा धातू बदलतात. गेल्या वेळी निळं पोशन बरं करणारं होतं म्हणून यावेळी असेलच असं नाही. त्यामुळे वापरूनच ओळखावं लागतं, आणि ते कुठे वापरायचं हे तुमच्या हातात आहे. माझी जागा ठरलेली : जिन्याच्या शेजारी, हिट पॉइंट भरलेले, आसपास कोणी नाही. आंधळेपणा, गोंधळ, झोप, काही झालं तरी वेळ मिळतो, आणि राक्षस बोलावणारा स्क्रोल निघाला तर एका पावलावर सुटका असते.

स्क्रोल वाचायचे ते लवकर, पहिल्या चार-पाच मजल्यांतच, चांगलं चिलखत अंगावर आणि मुख्य शस्त्र हातात घेऊन. कारण त्यात चिलखत आणि शस्त्र सुधारणारे स्क्रोल बरेच निघतात. निवड करावी लागली तर मी चिलखताला झुकतं माप देते. वार चुकला तर पुन्हा करता येतो, अंगावर बसलेला वार मागे घेता येत नाही.

एक स्क्रोल मात्र वाचला की वाया जातो : राक्षसांना घाबरवणारा. तो वाचला तर दूरवर कोणी वेडं हसल्याचा संदेश येतो, बस. त्याचा खरा उपयोग जमिनीवर ठेवण्यात आहे. त्याच्यावर उभे राहा, कोणीही तुम्हाला हाताने मारू शकत नाही, तुम्ही मात्र मारू शकता. ड्रॅगनची आग तेवढी येते. म्हणून तो हसण्याचा संदेश आला की लगेच सी दाबून त्या जातीला नाव देऊन ठेवा, पुढचा सापडला की न वाचता जपा. आणि एकदा खाली ठेवलेला परत उचलू नका, दुसऱ्यांदा उचलताना त्याची धूळ होते.

नकाशा दाखवणारा स्क्रोल ओळखीचा झाला की वरच्या मजल्यांवर वाचू नका. तो जिना दाखवतो, आणि त्याची किंमत २०व्या मजल्याखाली कळते. टेलिपोर्टचाही (क्षणात मजल्यावर दुसरीकडे नेणारा) तसाच, तो जपा.

पोशनांत वाईट निघण्यापेक्षा चांगलं निघण्याची शक्यता जास्त. ज्या रंगाची दोन-तीन जमली ती आधी प्या, कारण बरं करणारं आणि ताकद वाढवणारं ही सर्वांत जास्त वेळा सापडतात. बरं करणारं पोशन पूर्ण हिट पॉइंट असताना प्यायलं तर कमाल आकडा वाढतो, तरी ओळखल्यावर ते असं खर्च करू नका, ट्रोलसाठी ठेवा.

अंगठी घातली की भूक वाढते. जखमा भरणारी अंगठी तर पोट तिप्पट वेगाने रिकामं करते, ती लढाईनंतर घालावी आणि काढावी. पचन मंदावणारी मिळाली तर ती वेगळी गोष्ट. शापित अंगठी बोटातून निघत नाही, म्हणून शाप काढणारा स्क्रोल ओळखीचा होईपर्यंत मी अनोळखी अंगठ्या पिशवीतच ठेवते. कांड्या लांबच्या राक्षसावर वापरून बघा. आगीचा, गारठ्याचा आणि विजेचा झोत भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा समोर जवळच भिंत असेल तर थांबा. राक्षसाला दूर फेकणारी टेलिपोर्टची कांडी निघाली तर ती शेवटच्या दहा मजल्यांसाठी राखून ठेवा. मला विचाराल तर अख्ख्या गेममध्ये जिन्यानंतरची सर्वांत चांगली वस्तू तीच.

ट्रोलच्या मुलखात

बाराव्या मजल्यापाशी थांबून हिशेब करा. चिलखताचा आकडा आठ-नऊच्या पुढे आहे का, अनुभवाची पातळी नऊ-दहा आहे का, दोन-तीन बरं करणारी पोशनं आहेत का? असेल तर पुढचे मजलेही जमेल तसे पाहत जा. नसेल तर पाहणं सोडा आणि फक्त जिना शोधत उतरत चला. उतरणीत वाटेवर पडलेलं अन्न सोडून कशासाठीही वाकडी वाट करू नका.

समजा १४व्या मजल्यावर ७० पैकी २३ हिट पॉइंट उरलेत, ट्रोल शेजारी उभा आहे आणि % बारा पावलांवर आहे. अशा वेळी मुलं ‘अजून एक वार’ म्हणतात. ट्रोलचे तीनही वार बसले तर एका चालीत २८पर्यंत जातात, तेव्हा २३ वर थांबायचंच नाही. वळा आणि चालू लागा. तो तुमच्याच वेगाचा आहे. तुम्ही एक पाऊल टाकलं की त्याची चाल तुमच्यापर्यंत पोचण्यात खर्च होते, त्यामुळे पाठलाग करताना त्याला सहसा मारता येत नाही. मध्ये थांबलात, पोशन प्यायलात, वस्तू उचलायला अडखळलात, तरच वार बसतो. % वर पाय पडला की > दाबा. वटवाघूळ आणि ग्रिफिन मात्र उडणारे, त्यांना पाठ दाखवून उपयोग नाही. आणि हे सगळं जमतं ते जिना कुठे आहे हे आधी माहीत असेल तरच.

जिना माहीत नसेल तर मी या क्रमाने हात घालते : दूर फेकणारी कांडी, गती मंद करणारी कांडी, जागच्या जागी खिळवणारा स्क्रोल, टेलिपोर्टचा स्क्रोल. खिळवलेल्या राक्षसाला मारू नका, निघून जा. गोंधळ घालणारा स्क्रोल आधीच वाचलेला असेल आणि हात लाल झळकत असतील तर पहिला बसलेला वार त्याला भरकटवतो, तोही निसटायला पुरतो.

जमिनीतला चोरदरवाजाचा सापळा इथे मित्र आहे. त्यावर मुद्दाम पाय ठेवा, एक मजला फुकट खाली. एखादी खोली उघडताच आत दहा-बारा अक्षरं दिसली तर तो खजिन्याचा अड्डा. आत शिरू नका. दारात उभं राहण्याइतकं बळ असेल तर दारात लढा, नाहीतर आल्या पावली मागे.

कार्नेगी मेलन विद्यापीठात चौघांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘रोग-ओ-मॅटिक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता, तो हा गेम स्वतःच खेळायचा आणि कधीकधी जिंकायचाही. त्याला नशीब कळत नव्हतं. लढायचं की पळायचं याचा हिशेब तो दर चालीला नव्याने मांडायचा, आणि आपल्याला करायचं तेही एवढंच आहे.

ताईत आणि परतीची वाट

२६व्या मजल्यावर ताईत स्वल्पविरामाच्या चिन्हाने दिसतो. तिथे अंधाऱ्या खोल्या खूप, आणि डी म्हणजे ड्रॅगन, जे म्हणजे जॅबरवॉक तिथे फिरत असतात. ताईत सापडायच्या आत पळावं लागलं तर घाबरू नका, खाली उतरा. २७व्या मजल्यावरही ताईत असतो, आणि त्याखालीही, तुम्ही उचलेपर्यंत.

उचललात की < चालू लागतं. वर जाताना पोटात पीळ पडल्याचा संदेश येतो, आणि आपण पूर्वी पाहिलेले मजले परत मिळत नाहीत, तेही नव्याने तयार होतात. प्रत्येक मजल्यावर जिना एकच असतो, वर जाण्यासाठी तोच, आणि तुम्ही त्याच्यापाशी उतरत नाही, कुठल्यातरी खोलीत पडता. म्हणजे पंचवीस वेळा % नव्याने शोधायचा. आता चोरदरवाजा शत्रू आहे, तो कमावलेला मजला हिसकावून घेतो. ज्या दिशेला ^ दिसेल तिकडून वळसा.

सर्वांत महत्त्वाचं : परतीच्या मजल्यांवर जमिनीवर नवं काही पडलेलं नसतं. अन्न, पोशन, स्क्रोल, काहीच नाही. जे खालून बरोबर आणलं तेवढंच. म्हणून २०व्या मजल्यापासून पुढे मी चार जेवणं, ओळखीची बरं करणारी पोशनं आणि टेलिपोर्ट वेगळे राखते आणि त्यांना हात लावत नाही. पिशवीत मोजक्याच वस्तू मावतात, तेव्हा जास्तीची चिलखतं, गंजकी शस्त्रं, उपयोग नसलेल्या कांड्या २५व्या मजल्याआधीच टाकून द्या.

वर जाताना २५ ते १५ या टप्प्यात लढू नका, अनुभवाची आता गरज नाही. जिना दिसला की चढा. १५ च्या वर आलात की ट्रोल विरळ होतात, आणि ज्यांनी सुरुवातीला जीव नकोसा केला होता ते प्राणी एका वारात पडू लागतात. तरीही पूर्ण बरे झाल्याशिवाय पुढचा जिना चढायची घाई नको, अन्न असेल तर आता विश्रांती घ्या.

मुलांसाठी एक सोय सांगून टाकते. गेम सुरू करण्याआधी ‘रोगऑप्ट्स’ (ROGUEOPTS) या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधून गेमला देता येणाऱ्या सेटिंगमध्ये, तुमचं नाव आणि भुयारात सापडणाऱ्या फळाचं नाव देता येतं. मूळ फळ स्लाइम मोल्ड नावाचं काहीतरी आहे. मी तिथे मानकुराद, म्हणजे आमचा गोव्याचा आंबा, लिहिते. आठव्या मजल्यावर भुकेने अर्धमेल्या झालेल्या @ ने मानकुराद खाऊन तो फार रुचकर होता असं सांगितलं की सगळी मुलं टाळ्या पिटतात.

पहिल्या मजल्यावरच्या % वर उभं राहून < दाबलं की तुम्ही बाहेर. गेम अभिनंदन करतो, पिशवीतल्या एकेका वस्तूची किंमत लावून ती सोन्यात मिळवतो आणि तुमचं नाव यादीत टाकतो. ती यादी नंतर कधीही पाहायची असेल तर टर्मिनलमध्ये गेमच्या नावापुढे एक जागा सोडून वजा चिन्ह आणि एस टाइप करा.